एव्होल्युशनबरोबर डेस्कटॉपही गेला

सकाळी एका कार्यालयातला संगणक दुरुस्तीला आला. डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली, ग्नोम हा डेस्कटॉप, रॅम 4 जीबी. सुरू केला की काळा पडदा आणि त्यावर फक्त ‘लॉगिन’. मशीन हळू चालतं म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी ‘नको ती सॉफ्टवेअर’ काढली होती.

त्याच पडद्यावर लॉगिन करून आधी एपीटीची, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाची, हिस्टरी लॉग फाइल वाचली. कोणत्या कमांडने काय काय गेलं, हे तिच्यात वेळेसकट असतं. कमांड होती पर्ज, म्हणजे सॉफ्टवेअर सेटिंग्जसकट काढणारी. पुढे ‘एव्होल्युशन’, त्याला चिकटून तारांकन, आणि ‘हो-नाही’ न विचारण्याचा पर्याय.

घात केला तारांकनाने. त्याचा अर्थ ‘या नावाने सुरू होणारं सगळं’. एव्होल्युशन हा मेलचा प्रोग्रॅम. तो खुशाल काढावा. पण तारांकनामुळे एव्होल्युशन डेटा सर्व्हरही त्यात सापडला. वरच्या पट्टीतल्या घड्याळावर क्लिक केलं की दिसणाऱ्या कॅलेंडरमधल्या नोंदी त्याच्याकडून येतात, म्हणून ग्नोम शेल, म्हणजे पट्टी आणि खिडक्या दाखवणारा डेस्कटॉपचा मुख्य भाग, त्याच्यावर अवलंबून आहे. सर्व्हरबरोबर शेल गेलं आणि शेलबरोबर जीडीएम, म्हणजे लॉगिनचा पडदा. ही सगळी नावं काढण्याआधी यादीत दिसली असती, पण यादीवर थांबायची सोयच बंद केलेली.

नेटची केबल जोडली, एपीटी अपडेट केलं आणि ‘ग्नोम-कोअर’ हा डेस्कटॉपचा मूळ संच बसवला. पूर्ण ‘ग्नोम’ मुद्दाम टाळलं; त्यातून एव्होल्युशन पुन्हा आलं असतं. पर्जने इटीसी या सिस्टम फोल्डरमधल्या सेटिंग्ज जातात, वापरणाऱ्याच्या होम फोल्डरला हात लागत नाही. त्यामुळे कागदपत्रं जशीच्या तशी होती.

मूळ तक्रार मात्र तशीच होती. डिस्कवर नुसतं पडून असलेलं सॉफ्टवेअर जागा खातं, रॅम नाही. रॅम खातं ते लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणारं. इथे ग्नोम सॉफ्टवेअर (नवे प्रोग्रॅम शोधून बसवायचं अ‍ॅप) आणि फाइलींची सूची करणारं ट्रॅकर मागे चालू होतं. दोन्ही काढली नाहीत. पहिल्याची ऑटोस्टार्ट फाइल होममधल्या कॉन्फिगच्या ऑटोस्टार्ट फोल्डरमध्ये कॉपी करून तिच्यात ‘हिडन’ ट्रू केलं, म्हणजे ते लॉगिनबरोबर सुरू होत नाही. ट्रॅकरची सर्व्हिस सिस्टमसीटीएल या सर्व्हिस सांभाळणाऱ्या कमांडने, यूजर पर्यायासह, मास्क केली, म्हणजे सुरूच होऊ नये अशी बंद केली. नुसती थांबवली तर ती पुन्हा उठते. फाइलींच्या आतला मजकूर शोधणं त्यामुळे बंद झालं, ते वापरणाऱ्यांना आधी सांगितलं.

मग गेम्स काढले, एकेक नाव पूर्ण लिहून. प्रत्येक वेळी आधी सिम्युलेट पर्यायाने रंगीत तालीम घेतली आणि काढायच्या यादीत ‘शेल’ किंवा ‘जीडीएम’ आहे का ते पाहिलं.