मालिकेचं वजन

मालिकेत किती पाणी घातलंय ते कळायला मालिका बघावी लागत नाही, कन्वर्ट करावी लागते. हे माझं मत २००७ च्या सुमारास झालं आणि अजून तरी तेच आहे. कन्वर्ट म्हणजे रेकॉर्ड केलेल्या मालिकेची दुसऱ्या प्रकारची, लहान फाईल करायची. ती किती एमबीची झाली ते बघायचं, बास, त्या दिवशी किती घडलं ते कळतं.

झालं असं की आमच्या वहिनी मिरजेला हॉस्पिटलात नर्स, दुपारची ड्युटी लागली की रात्री सांगलीत घरी पोचेपर्यंत दहा वाजायचे आणि तोवर सगळ्या मालिका होऊन बाबांनी बातम्या लावलेल्या असायच्या, आणि बातम्या लागल्यावर आमच्याकडे रिमोट मागायची पद्धत नव्हती. वहिनींच्या भावाने बाहेरून येताना त्यांना व्हिडिओवाला आयपॉड आणलेला, २००५ ला निघाला होता तो, अडीच इंची स्क्रीन, ३२० बाय २४०. त्यात नुसती गाणी भरून ठेवलेली बघून मला राहवेना. माझ्या पीसीला टीव्ही ट्यूनर कार्ड होतंच, म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्ही लावता आणि रेकॉर्ड करता यायचा. केबलच्या वायरला स्प्लिटर लावून एक फाटा कॉम्प्युटरला दिला आणि म्हटलं वहिनी, उद्यापासून तुमची मालिका बसमध्ये. त्या म्हणाल्या, "बघा बाई, जमतंय का तुम्हाला भावजी." हे बाई म्हणजे मी.

गणित मात्र झकास जमत होतं. मालिका अर्ध्या तासाची, त्यातल्या जाहिराती आणि 'काल आपण पाहिलंत' कापलं की खरा माल वीस-बावीस मिनिटांचा, आणि सांगली-मिरज सिटी बस विश्रामबागला भरून, थांबत थांबत स्टँडला लागेपर्यंत तेवढाच वेळ जातो. जणू बसच्या हिशोबाने लिहिलीय मालिका.

अडचण होती ती साइजची. कार्डवरून जे रेकॉर्ड व्हायचं ते एमपीईजी-२ ह्या प्रकारचं, अर्ध्या तासाला सव्वा-दीड जीबी. आयपॉडला ते चालतच नाही, त्याला एच.२६४ नाहीतर एमपीईजी-४ असा जास्त दाबून बसवणारा प्रकार पाहिजे, आणि तोही साधासुधा. मग रात्री कन्वर्टला लावायचं आणि झोपायचं. त्यातून लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे लाईट कधी जाणार हे वेळापत्रक आधी बघायचं आणि मग कन्वर्ट लावायचं, कारण यूपीएस दहा मिनिटांच्या वर तग धरायचा नाही. पंखा असा घरघरायचा की आई पलीकडच्या खोलीतून विचारायची, काय दळायलायस रे एवढ्या रात्री.

एक गोष्ट मला तेव्हा फार आवडलेली. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ५७६ ओळींचं, पण त्या ओळी एकदम येत नाहीत, आधी एकाआड एक अर्ध्या येतात, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या. टीव्हीवर ते कळत नाही पण कॉम्प्युटरवर कुणी हात हलवला की बोटांच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात. लोक ते घालवायला काय काय फिल्टर लावत बसायचे. मला आयपॉडसाठी २४० ओळीच हव्या होत्या, म्हणून मी अर्ध्या ओळी सरळ टाकून द्यायचो, राहिल्या २८८, त्याच्या २४० केल्या की झालं. दाते आपोआप गायब. एवढा फुकटचा फायदा मला आयुष्यात दुसऱ्या कशात झालेला आठवत नाही.

आता वजनाचं. कन्वर्टरमध्ये दोन प्रकार असतात, एकतर फाईल एवढ्या एमबीची कर म्हणून सांगायचं, नाहीतर क्वालिटी अशी ठेव, एमबी किती होतील ते होऊ देत म्हणून सांगायचं. मी दुसरा प्रकार वापरायचो आणि त्यातच सगळी गंमत आहे. कारण हे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाही. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे बावीस मिनिटांच्या मालिकेत तेहेतीस हजार. त्यातलं अधूनमधून एखादं पूर्ण ठेवतं आणि मधल्यांचं फक्त काय बदललं तेवढं लिहून ठेवतं. चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन पाडतं, आयपॉडच्या स्क्रीनवर असे बरोबर ३०० चौकोन बसतात, आणि प्रत्येक चौकोनाला विचारतं, हललास का? नाही? मग पुढे चला. हललास? मग कुठून कुठे सरकलास ते सांग.

आता विचार करा, सासूबाई सोफ्यावर बसल्यात, सून दारात उभी आहे, दोघी एकमेकींकडे बघतायत, बघतच आहेत, मागे आलाप चाललाय. तीनशेपैकी जवळजवळ सगळे चौकोन म्हणतात आम्ही आहोत तिथेच आहोत. सॉफ्टवेअर अक्षरशः काही लिहीत नाही. असा एपिसोड साठ-पासष्ट एमबीत बसायचा. मी सकाळी आयपॉड देताना म्हणायचो, वहिनी आज काही नाही त्यात, साठच एमबी आहे. त्यांना राग यायचा. "न बघता कसं सांगायलाय ओ? काल तिनं घर सोडायचं ठरवलंय." ठरवलं असेल, पण सोडलेलं नाही, सोडलं असतं तर दार, अंगण, रिक्षा, रस्ता, नव्वदच्या वर गेली असती फाईल. आणि खरंच चांगले आठ-दहा एपिसोड ती बाई दारातच उभी होती.

मग दादाने २००७ च्या सप्टेंबरातली ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल मागितली, आपण पाकिस्तानला पाच रनांनी हरवलं ती. ती कन्वर्ट करताना कॉम्प्युटरची जी दमछाक झाली! कॅमेरा बॉलमागे पळतोय, गवत सगळं सरकतंय, मागे हजारो माणसं झेंडे हलवतायत, तीनशेच्या तीनशे चौकोन एकदम ओरडायला लागले. शेवटची ओव्हर एकटी केवढी जड झाली होती. माझं मत पक्कं व्हायला आणखी काय पाहिजे.

पण मत पक्कं झालं की त्याला तडे द्यायला गोष्टी येतातच. एके दिवशी त्याच दारातल्या सुनेचा एपिसोड एकशे चाळीस एमबीचा निघाला. म्हटलं गेली वाटतं एकदाची! लावून बघितलं तर बाई तिथेच, फक्त पाऊस होता आणि केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेलेलं, चित्रावर नुसत्या मुंग्या. आता मुंग्या म्हणजे प्रत्येक ठिपका दर चित्रात नवा, आधीच्या चित्राशी त्याचा काही संबंध नाही, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने जगातली सगळ्यात घडामोडीची गोष्ट. बिचाऱ्याने एकूण एक मुंगी जपून ठेवली होती. पुढे मग मी मुंग्या पुसायचा फिल्टर लावायला लागलो, त्याने मुंग्या जायच्या पण सासूबाईंच्या सुरकुत्याही जायच्या आणि त्या सुनेच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसायला लागायच्या. वहिनींना ते चालत होतं, मला नाही.

दुसरा तडा जास्त मोठा होता. सह्याद्रीवर एक जुनं नाटक लागलेलं, ते मी स्वतःसाठी रेकॉर्ड केलं. सांगलीच्या माणसाला नाटकाबद्दल एक गुर्मी असतेच, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथेच 'सीता स्वयंवर' केलं हे आम्ही न विचारता सांगतो, बघा आत्ता पण सांगितलंच. तर ते नाटक, एक दिवाणखाना, कॅमेरा जागचा हलत नाही, दोन माणसं खुर्च्यांवर बसून बोलतायत आणि बोलता बोलता एकाचं सगळं आयुष्य उसवतंय, मी संपेपर्यंत हललो नाही. आणि फाईल? मिनिटामागे हिशोब केला तर त्या सोफ्यावरच्या सासूपेक्षाही हलकी. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते ह्यात मालिकेपेक्षा कमी घडलं. त्या रात्री मला त्याचा मनापासून राग आला. शेवटी ठरवलं की वजनाचा नियम फक्त मालिकांना लावायचा, नाटकांना सूट. असे नियम आपण सगळेच करतो.

२००५ च्या पुराचंही थोडं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे, बातम्यांतलं. आयर्विन पुलावरून घेतलेलं कृष्णेचं पाणी, कॅमेरा एकदम स्थिर, कुणी बोलतही नाही. मला वाटलं होईल लहान. पण वाहतं पाणी म्हणजे कन्वर्टरचा काळ. लाट सरकत नाही, ती मोडते आणि दुसरीच होते, त्यामुळे हा चौकोन मघाशी कुठे होता हा प्रश्नच चुकीचा ठरतो. क्रिकेटच्याही वर गेली ती फाईल. पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, तर म्हटलं हे एकतरी माप ह्या यंत्राला बरोबर कळलं. ती मात्र आयपॉडवर कुणालाच नको होती.

हे सगळं करून महिने झाले असतील, मी फिल्टर बदलतोय, कडेची काळी पट्टी छाटतोय, रंग जरा उजळ करतोय, आणि एकदा मी मिरजेला चाललेलो तर योगायोगाने वहिनी त्याच बसमध्ये. मी मागे उभा, त्या खिडकीशी, कानात हेडफोन, डोळे मिटलेले आणि आयपॉड पर्समध्ये, पर्सची चेन बंद.

उतरल्यावर विचारलं. "चित्र कोण बघतंय भावजी, एवढीशी तर स्क्रीन, नि बसच्या हादऱ्यात डोकं दुखतंय. मी नुसतं ऐकते की." मग कोण आलं कोण गेलं कसं कळतं? तर म्हणाल्या त्यात काय, सासूची एक ट्यून आहे, जावेची वेगळी, आणि ढॅण ढॅण झालं की कुणीतरी काहीतरी ऐकलेलं असतं दाराआडून.

दुसऱ्या दिवसापासून मी नुसता आवाज काढून द्यायला लागलो, सेकंदाला ६४ किलोबिटने बावीस मिनिटं म्हणजे दहा एमबी, कन्वर्ट व्हायला एक चहा. पंधरवडा निवांत गेला. मग एका रात्री ड्युटीवरून आल्या आल्या चप्पल काढता काढताच म्हणाल्या, भावजी, उद्या लग्नाचा एपिसोड आहे, उद्याचं तेवढं चित्रासकट द्या, साड्या बघायच्यात. झेंडूच्या माळा, लायटिंग, अक्षता उडतायत, पन्नास बायका आणि प्रत्येकीच्या पदराला जर. एकशे ऐंशी एमबी झाली.