तुम्ही विचारलंत म्हणून: न्यायाधीशांच्या घराचा पहारा आपल्या खर्चाने का?

"एवढा पगार असतो, मग न्यायाधीशांच्या घरच्या कॅमेऱ्यांचे पैसे तुमच्या करातून कशाला?" पुण्याहून आलेले पाहुणे हे हमखास विचारतात. मी न्यू जर्सीत राहते, कर भरते, आणि हे पैसे जावेत असं मला मनापासून वाटतं.

१९ जुलै २०२०, रविवार. आमच्या घरापासून जवळच, नॉर्थ ब्रन्सविकमध्ये, न्यायाधीश एस्थर सालास मुलाशी गप्पा मारत तळघरात आवराआवर करत होत्या. डॅनियलचा विसावा वाढदिवस नुकताच झाला होता. बेल वाजली, तो वर धावला. दारात कुरिअरवाल्याच्या वेशातला माणूस होता. एक वकील, ज्याचा खटला सालास यांच्यापुढे चालला होता. त्याने गोळ्या झाडल्या. डॅनियल जिवानिशी गेला, त्याचे वडील गंभीर जखमी झाले. नंतर कितीतरी दिवस आमची बेल वाजली की मी लेकाला म्हणायचे, "थांब, मी बघते."

त्याआधी २००५ साली शिकागोत न्यायाधीश जोन लेफ्को यांचे पती आणि आई घरातच मारले गेले. मारणाऱ्याचा दावा त्यांनी फेटाळला होता. त्यानंतर फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या, न्यायाधीशांच्या घरी अलार्म बसवायला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सुमारे १.२ कोटी डॉलर मंजूर केले.

पण अलार्म दाराशी आलेल्या माणसासाठी. पत्ता तर त्याच्या हाती आधीच पडलेला असतो. सालास झटल्या ते त्यासाठी. न्यायाधीशांचे घरचे पत्ते इंटरनेटवरून हटवायला लावणारा, डॅनियलच्या नावाचा कायदा आधी न्यू जर्सीत आणि डिसेंबर २०२२ मध्ये देशभरातल्या फेडरल न्यायाधीशांसाठी झाला. मला तो अलार्मपेक्षाही मोलाचा वाटतो.

पुढाऱ्यांच्या गाड्यांचा ताफा पाहून येणारा राग मलाही येतो. पण इथे मिरवणं नाही. निकाल देणं हे आपण सोपवलेलं काम आहे, आणि धमकी त्या कामापायीच येते. एसटीच्या चालकाला ब्रेक स्वतःच्या पगारातून बसवून घ्यायला आपण सांगतो का? मागे प्रवासी बसलेले असतात.

"हे अमेरिकेतलं," असं म्हणाल तर धनबाद आठवा. २८ जुलै २०२१ च्या पहाटे न्यायाधीश उत्तम आनंद फिरायला निघाले होते. रिकाम्या रस्त्यावर एक रिक्षा वळून थेट त्यांच्या अंगावर गेली, त्यात त्यांचा जीव गेला. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यात ते दिसलं, नाहीतर साधा अपघात म्हणूनच नोंद झाली असती.