उभ्या गाडीवर पक्षी बसू नयेत म्हणून

बॉनेटवर काही फिके, खरबरीत ठिपके कायमचे उमटले आणि पॉलिश करूनही ते जाईनात, तेव्हा मी पक्ष्यांच्या विष्ठेचा प्रश्न गांभीर्याने घेतला. आमच्या इमारतीच्या वाहनतळावर माझ्या गाडीची जागा ठरलेली आहे. गाडीचा मागचा भाग पत्र्याच्या छपराखाली येतो, पुढचा भाग उघड्यावर राहतो, त्यावर एका जुन्या झाडाची फांदी आलेली आहे आणि बाजूने तारा गेलेल्या आहेत. जागा बदलून मिळण्याची शक्यता नव्हती, त्यामुळे उपाय तिथेच शोधणे भाग होते.

गाड्यांचे रंगकाम करणाऱ्या एका जाणकार कारागिराने मला प्रथम हे दाखवून दिले की ते ठिपके रंगात नसून रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहेत. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. पक्षी शरीरातील टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात आणि विष्ठेतील पांढरा भाग तोच असतो. युरिक आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते, म्हणून पावसाची एखादी सर येऊन गेली तरी डाग जागचा हलत नाही. विष्ठेत पाचक विकरेही असतात, आणि तीही रंगाला घातक ठरतात; गाड्यांच्या रंगांची चाचणी घेताना प्रयोगशाळेत पक्ष्यांच्या विष्ठेऐवजी पॅनक्रिएटिन हे पाचक विकरांचे मिश्रण वापरतात, ते याच कारणाने. त्यात उन्हाची भर पडते. गडद रंगाच्या गाडीचा पत्रा कडक उन्हात ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, क्लिअर कोट त्या उष्णतेने मऊ पडतो आणि वरची विष्ठा वाळून घट्ट होताना त्यात आपला ठसा सोडते. सावलीत जो डाग दुसऱ्या दिवशीही निघाला असता, तोच उन्हात काही तासांत कायमचा होऊ शकतो. हे कळल्यावर नुसते पुसत राहण्यापेक्षा पक्षी गाडीवर आणि गाडीच्या वर बसणारच नाहीत अशी व्यवस्था करणे मला अधिक शहाणपणाचे वाटू लागले.

वाहनतळावर शेजाऱ्यांचे निरनिराळे प्रयोग आधीपासून चालू होते, त्यामुळे कशाचा किती उपयोग होतो हे मला जवळून पाहता आले. एकाने छपराच्या खांबावर प्लास्टिकचे घुबड बसवले होते. सुरुवातीला कबुतरे त्याच्यापासून दूर राहिली, परंतु ते हलत नाही, आवाज करत नाही आणि कोणावर झडप घालत नाही हे ध्यानात येताच ती त्याच्या शेजारी येऊन बसू लागली. चमकदार पट्ट्या आणि जुन्या सीडी यांची गतही तशीच झाली. वारा असेल तेव्हा आणि ऊन असेल तेव्हाच त्या लखलखतात, आणि पक्ष्यांना त्यांचीही सवय होते. अशा वस्तूंची जागा वारंवार बदलत राहिली तर त्यांचा परिणाम थोडा अधिक टिकतो, पण ते नित्याचे काम होऊन बसते. अल्ट्रासोनिक आवाजाने पक्षी पळवणाऱ्या उपकरणाविषयी मात्र मला स्पष्ट सांगावेसे वाटते. असे उपकरण माणसाला ऐकू न येणारा, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज काढते. बहुतेक पक्ष्यांना १ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यानचा आवाज सर्वांत चांगला ऐकू येतो आणि १० किलोहर्ट्झच्या वर त्यांची श्रवणशक्ती फारच क्षीण होते. जो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तो त्यांनाही ऐकू येत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

गाडीच्या रंगाचाही विषय निघत असे. २०१२ साली ब्रिटनमध्ये मोटारींचे साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने केलेल्या पाहणीत लाल गाड्यांवर सर्वाधिक डाग आढळल्याची बातमी बरीच गाजली होती आणि तिचा दाखला आजही दिला जातो. आमच्या वाहनतळावर मात्र छपराच्या तुळईखाली उभी असलेली पांढरी गाडी रोज माखत होती आणि पलीकडे मोकळ्या आकाशाखाली उभी असलेली लाल गाडी बहुधा स्वच्छ राहत होती. गाडीचा रंग कोणता आहे यापेक्षा गाडीच्या वर काय आहे याला अधिक महत्त्व आहे, हे मी त्यावरून ठरवले आणि डागांकडे नीट पाहू लागले.

या प्रक्रियेतील सर्वांत उपयोगी काम हेच ठरले. संध्याकाळी गाडी स्वच्छ धुऊन ठेवायची, सकाळी उजाडताच पाहायची आणि दुपारी पुन्हा एकदा पाहायची, असा क्रम मी काही दिवस पाळला. सकाळी दिसणारे नवे डाग रात्री वर मुक्कामाला असलेल्या पक्ष्यांचे असतात, तर दिवसा पडलेले डाग ये-जा करणाऱ्या पक्ष्यांचे. मागच्या काचेवर एकाच ठिकाणी ढीग साचत होता आणि त्यात वाळक्या काड्या व पिसे मिसळलेली होती, तेव्हा वर कबुतरांची बैठक आणि बहुधा घरटे आहे हे उघड होते. बॉनेटच्या एका कडेने तारेला समांतर अशी ठिपक्यांची ओळ होती. झाडाकडच्या बाजूला विखुरलेले, जांभळट आणि बिया असलेले डाग पडत होते. ते फळे खाणाऱ्या पक्ष्यांचे होते. आणि चालकाच्या दारावर, आरशाच्या बरोबर खाली, उभे ओघळ उतरलेले होते, ज्यांचा वरच्या कशाशीही संबंध नव्हता. एकाच गाडीवर चार निरनिराळ्या कारणांनी डाग पडत होते, आणि त्या चारही कारणांना पुरेल असा एकच उपाय असणे शक्य नव्हते.

दारावरच्या ओघळांचे कारण शोधायला सकाळी थोडा वेळ थांबावे लागले. एक धोबी पक्षी येऊन आरशाच्या वरच्या कडेवर बसे, खाली वाकून काचेत पाही, चोचीने काचेवर प्रहार करी, पुन्हा वर बसे, आणि हे बराच वेळ चाले. विणीच्या हंगामात अनेक जातींचे नर आपल्या हद्दीचे रक्षण करत असतात. आरशातले स्वतःचेच प्रतिबिंब त्यांना घुसखोर वाटते, आणि तो घुसखोर काही केल्या हटत नाही म्हणून पक्षी थकेपर्यंत झुंजत राहतो. यात गाडीपेक्षा पक्ष्याचे नुकसान अधिक आहे, कारण जी शक्ती आणि जो वेळ घरट्यासाठी व पिलांसाठी खर्च व्हायचा, तो निरर्थक भांडणात जातो. उपाय अगदी सोपा निघाला. गाडी उभी केली की दोन्ही आरसे आत दुमडायचे आणि त्यांवर दोरीने आवळता येणारी जाड कापडी पिशवी चढवायची. प्रतिबिंब दिसेनासे झाले आणि झुंज थांबली. माझ्या एका परिचिताच्या गाडीवर असाच पक्षी दाराच्या काचेशी भांडत असे. तिथे आतून सनशेड लावून काही झाले नाही, कारण प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडते. बाहेरून कापड टाकले तेव्हाच ते थांबले.

कबुतरांचे प्रकरण सर्वांत लांबले. छपराच्या लोखंडी तुळईवर त्यांची पक्की बैठक होती आणि कोपऱ्यात अंडी असलेले एक घरटे होते. ते तेव्हाच उचलून टाकावे असा आग्रह काही जणांनी धरला, पण मी त्याला विरोध केला आणि त्याचे मला समाधान आहे. अनेक देशांत अंडी किंवा पिले असलेल्या घरट्यांना कायद्याचे संरक्षण असते. ते नसते तरी मी तसे करू दिले नसते. कबुतराची अंडी साधारण १७ ते १९ दिवसांत उबतात आणि त्यानंतर पिले उडून जायला महिनाभर किंवा थोडा अधिक काळ लागतो. तेवढे दिवस मी मागच्या काचेवर जाड प्लास्टिकचा कागद बांधून ठेवला. कबुतरे वर्षातून अनेकदा वीण करतात आणि जागेला घट्ट चिकटून असतात, म्हणून पिले उडाल्यानंतर जराही वेळ न दवडता तुळई धुऊन घेतली. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, कारण तिच्या धुळीतून फुफ्फुसांचे आजार होऊ शकतात. आधी पाण्याने पूर्ण भिजवून, तोंडाला मास्क आणि हातांत मोजे घालून ती काढावी, एवढी सूचना मी काम करणाऱ्यांना आग्रहाने दिली आणि ती पाळली जाते आहे की नाही हे उभे राहून पाहिले.

त्यानंतर तुळईवर काय बसवायचे यावर बरीच चर्चा झाली. चिकट जेलचा पर्याय मी पहिल्यांदाच नाकारला, कारण त्यात लहान पक्ष्यांची पिसे माखतात आणि ते तडफडून मरू शकतात. लोखंडी काट्यांच्या पट्ट्या अरुंद कडेवर कबुतरांना रोखतात, पण काट्यांमध्ये पालापाचोळा अडकला की त्यावरच घरटे उभे राहते. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी २०२३ साली असे नोंदवले की काही मॅगपाय (कावळ्याच्या कुळातील पक्षी) आणि कावळे इमारतींवरचे हे काटे उपटून स्वतःच्या घरट्यांसाठी वापरत होते. ते वाचल्यावर पक्ष्यांच्या बुद्धीविषयी माझा आदर वाढला आणि काट्यांवरचा विश्वास कमी झाला. आम्ही शेवटी तुळईच्या सपाट पृष्ठभागावर गुळगुळीत पत्रा तिरका बसवला. असा उतार ४५ अंशांहून अधिक असला की कबुतराला तिथे पाय रोवता येत नाहीत. छपराखालची उरलेली पोकळी जाळीने बंद केली. कबुतरांसाठी ५० मिलिमीटरच्या घरांची जाळी पुरते, परंतु चिमण्यांनाही अडवायचे असेल तर १९ मिलिमीटरची लागते. घरांच्या मापापेक्षाही जाळी ताणून बसवणे अधिक महत्त्वाचे आहे. सैल जाळीत पक्षी अडकतो, आणि कडेला फट राहिली तर आत शिरलेल्या पक्ष्याला बाहेर पडता येत नाही.

तारांना हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. ते काम वीजवितरणाच्या माणसांचे आहे. तिथे गाडी वाहनतळाच्या आखलेल्या रेषेच्या आत राहून हातभर मागे घेतली एवढेच केले, आणि तारेखालची ठिपक्यांची ओळ गाडीऐवजी जमिनीवर पडू लागली. इतका साधा बदल कोणी सुचवत नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

झाडाच्या बाबतीत मी फांदी तोडण्याच्या बाजूची नव्हते. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, आणि फांदी गेली की सावलीही जाते. फळांचा हंगाम मर्यादित असतो, त्यामुळे त्या काळापुरते कव्हर वापरणे मला योग्य वाटले. कव्हर मात्र निवडून घ्यावे लागते. पातळ कापडातून ओली विष्ठा झिरपून रंगापर्यंत पोहोचते, तर हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरखाली दमट वाफ कोंडते. बाहेरून पाणी रोखणारे, आतून मऊ अस्तर असलेले आणि हवा खेळती ठेवणारे कव्हर घ्यावे. धुळीने भरलेल्या गाडीवर ते कधीही चढवू नये, कारण वाऱ्याने कव्हर हलले की खालची धूळ रंगावर घासली जाते. त्यासाठी कव्हराचे पट्टे चाकांजवळ घट्ट बांधावे लागतात.

एवढे करूनही अधूनमधून डाग पडतोच, म्हणून गाडीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन-तीन मायक्रोफायबर कापडे ठेवलेली असतात. डागावर भरपूर पाणी फवारून त्यावर ओले कापड दहा मिनिटे ठेवायचे, आणि विष्ठा मऊ झाली की घासायची नाही, वरच्या वर उचलून घ्यायची. विष्ठेत वाळूचे कण आणि बिया असतात; कोरडे घासले तर डाग जातो आणि ओरखडे राहतात. भांड्यांचा साबण वापरू नये, तो रंगावरचा मेण उतरवतो; गाडीसाठीचा सौम्य शाम्पू पुरेसा असतो. मेणाचा किंवा सिरॅमिक कोटिंगचा थर असेल तर डाग काढायला थोडा अधिक अवधी मिळतो. त्याने डाग पडायचे थांबत नाहीत, आणि कोटिंग आहे म्हणून विष्ठा आठवडाभर तशीच ठेवणे परवडत नाही.

छपराखालची जागा आता स्वच्छ आहे आणि शेजारच्या गाड्यांनाही त्याचा लाभ झाला आहे. झाडावर मात्र काही काळापासून साळुंक्या संध्याकाळी मुक्कामाला जमू लागल्या आहेत. असे थवे मुक्कामाची जागा कधीकधी आपणहून बदलतात, त्यामुळे तूर्त अंधार पडण्यापूर्वी कव्हर चढवण्याचा नियम मी कसोशीने पाळते, आणि कव्हर घालताना जाळीचे कोपरे कुठे सुटले नाहीत ना, हेही पाहून घेते.