किटाची चिठ्ठी आणि पत्रपेटीवरचं आडनाव

मुलीला बर्लिनमध्ये पाळणाघरात घालायला आम्हाला सहा महिन्यांच्या वर लागले आणि त्यातले साडेतीन महिने एका पाकिटाने खाल्ले. बाकी सगळं लोक सांगतात तसंच झालं, म्हणून ते आधी उरकते.

नवरा २०२२ च्या एप्रिलमध्ये पुढे आला होता. मी आणि लेक, तेव्हा ती सव्वादोन वर्षांची, सप्टेंबरच्या शेवटी आलो. घर त्याने बघून ठेवलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. राहायला आल्यापासून चौदा दिवसांत अनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते झालं. विमा झाला. मुलांच्या डॉक्टरसाठी चार ठिकाणी ‘नवे पेशंट घेत नाही’ ऐकलं, पाचवीने घेतलं. झालं.

इथे पाळणाघर आणि बालवाडी मिळून एकच प्रकार असतो, त्याला किटा म्हणतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला किटाचा कायदेशीर हक्क आहे, २०१३ च्या ऑगस्टपासून. बर्लिनने तर २०१८ च्या ऑगस्टपासून फीसुद्धा काढून टाकली. महिन्याला २३ युरो जेवणाचे भरायचे, वर एखादी किटा नाश्त्याबिश्त्याचे थोडे मागते. हे मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग अडलंय कुठे?”

अडलं होतं गुटशाइनपाशी. गुटशाइन म्हणजे सरकारने दिलेली चिठ्ठी: या मुलाला दिवसाला इतके तास. तेव्हा चार ते पाच, पाच ते सात, सात ते नऊ असे टप्पे होते. जास्त तास हवे असतील तर नोकरीचा नाहीतर शिक्षणाचा कागद जोडायचा. मी जर्मनच्या क्लासचा जोडला. ही चिठ्ठी नेऊन दिली की मग किटा करार करते. मूल ज्या तारखेपासून जाणार तिच्या आधी नऊ महिने ते दोन महिने, या काळात कधीही अर्ज करता येतो. मी ऑक्टोबरच्या मध्यावर केला, कारण दोन गल्ल्या पलीकडच्या किटाने सांगितलं होतं की १ फेब्रुवारीला एक जागा रिकामी होतेय, १५ जानेवारीपर्यंत चिठ्ठी आणून दिलीत तर तुमची. हे ‘सांगितलं होतं’ मिळवायला मी तेवीस ईमेल पाठवल्या होत्या आणि दोन उत्तरं आली होती. ही जागा ईमेलने नाही मिळाली. एका दुपारी लेकीला घेऊन सरळ दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा मिळाली. ईमेल लिहाच, पण पायाने जाऊन या.

आता पाकीट.

नवरा दिवसभर ऑफिसात, म्हणून अर्ज मी भरला आणि अर्जदार म्हणून माझं नाव घातलं. लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही. तत्त्वबित्त्व काही नव्हतं, पासपोर्ट बदलायचा कंटाळा. लेकीचं आडनाव बापाचं. पुण्यात याने कधी कुणाचं काही अडलं नव्हतं.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात चिठ्ठी देणाऱ्या सरकारी कार्यालयाला ईमेल केली, तर आपोआप येणारं उत्तर आलं: मजकूर मिळाला, कामाचा ताण आहे, पुन्हा विचारणा करू नये. फोन केला तर घंटी वाजून वाजून आपली आपण बंद पडायची. नवरा म्हणायचा, “येईल गं, इथे सगळं पोस्टाने येतं, उशीर होतो.” आणि खरंच, त्याची पत्रं यायची. लेकीचीसुद्धा यायची! इथे प्रत्येकाला अकरा आकडी करक्रमांक मिळतो. तो आमच्या दोन वर्षांच्या बाईंना त्यांच्या नावाने, खाकी पाकिटातून, आपल्या आपण घरपोच आला. माझा आला नाही. बँकेचं कार्ड येणार होतं, तेही आलं नाही. मी बँकेला शिव्या घातल्या. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं डोकं चाललं नाही, आणि आजही मला राग येतो तो निम्मा याच गोष्टीचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मी त्या कार्यालयात जाऊन बसले. लेक कडेवर, कारण ठेवणार कुणाकडे? तिला कुठे ठेवावं यासाठीच तर आले होते. नंबर यायला पावणेदोन तास. टेबलामागच्या बाई तशा वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, “पाठवलंय. १४ नोव्हेंबरला.”

मी म्हटलं, मला मिळालं नाही.

“पण पाठवलंय.”

माझं जर्मन तेव्हा ‘मला एक किलो बटाटे द्या’ एवढंच होतं, त्यांचं इंग्रजी त्याहून जरा बरं. तीच दोन वाक्यं आम्ही तीनदा एकमेकींना ऐकवली. मग त्या उठल्या, मागच्या कपाटातून फाइल काढली, आणि फाइल उघडल्याबरोबर वरच माझं पाकीट. न फोडलेलं. त्यावर पोस्टाचं पिवळं चिकटपत्र: दिलेल्या पत्त्यावर ही व्यक्ती आढळली नाही.

मी त्या पत्त्यावर होते. रोज होते. त्या पत्त्यावर वरणभात लावत होते.

“मग आता हातात द्या,” मी म्हटलं. पाकीट आम्हा दोघींच्या मध्ये टेबलावर पडलेलं, त्यातून ती चिठ्ठी पुसटशी दिसतेय. हात पुढे केला असता तर मिळाली असती. बाई म्हणाल्या, पत्र परत आलंय म्हणजे तुमचा पत्ता शंकास्पद ठरतो. आधी नोंदणीचा कागद आणा, मग नव्याने पाठवू. पाठवू म्हणजे? पोस्टाने. त्याच पत्त्यावर? हो, तुमचा पत्ता तोच आहे ना?

गुरुवारी नोंदणीचा कागद घेऊन गेले. तो बघून त्यांनी शिक्का मारला, मान डोलावली आणि दहा ते चौदा दिवस सांगितले. गुरुवार म्हणजे १२ जानेवारी. किटाची मुदत १५ ची.

घरी आले तेव्हा तळमजल्यावर पोस्टवाल्या बाई पिवळी गाडी लावून पेट्यांमध्ये पत्रं टाकत होत्या. मी त्यांना गाठलं आणि पासपोर्टच काढून दाखवला. त्यांनी माझं आडनाव वाचलं, पेट्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि खांदे उडवले. मग आमच्या पेटीवर किल्लीने टकटक केलं. पेटीवर नवऱ्याचं आडनाव. फक्त त्याचं.

मला ते तेव्हा कळलं. इथल्या इमारतींमध्ये फ्लॅटला नंबरच नसतो. ‘बी विंग, ३०४’ असं काही नाही. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि नाव एवढंच. आमच्या दारात बावीस पेट्या आहेत, आणि पाकीट कुठल्या पेटीत टाकायचं हे पोस्टवाल्याला फक्त आडनाव सांगतं. पेटीवर आडनाव नाही म्हणजे तुम्ही त्या घरात नाही, मग नोंदणी कार्यालयात तुमच्या नावाचा शिक्का असो नाहीतर तुमचं वरण गॅसवर असो. आपल्याकडे पोस्टमन वॉचमनला विचारतो, वॉचमन सांगतो, “त्या ना, ३०४ मधल्या वहिनी.” इथे वहिनी ही सोयच नाही.

त्याच संध्याकाळी मी कागदावर स्केचपेनने आडनाव लिहिलं, वर सेलोटेप मारली आणि पेटीवर डकवलं. मोठ्या अक्षरांत. शनिवारी बघते तर कागद गायब! आमच्या हाउसमाइस्टरनी, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या काकांनी, काढला होता. सगळ्या पाट्या एकसारख्या हव्यात, चिकटवलेले कागद चालत नाहीत. नवी पाटी व्यवस्थापनाकडून मागवायची. लेखी. किती दिवस लागतील? सहा आठवडे.

मी पुन्हा कागद लावला. सोमवारी त्यांनी पुन्हा काढला. नवऱ्याने त्यांना जर्मनमध्ये लांबलचक ईमेल लिहिली, तिचं उत्तर आलं, अर्थात त्याच्या नावाने.

मग मी पहारा द्यायला लागले. पोस्टवाल्या बाई साडेदहा ते बाराच्या मध्ये यायच्या. रोज सव्वादहाला लेकीला जॅकेट, टोपी, बूट चढवून चार मजले उतरायचं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचं. ती डब्यातले चुरमुरे एकेक करून खायची, मी दाराच्या काचेतून पिवळी गाडी बघायची. जानेवारीची थंडी त्या दाराखालून आत येते. वर जाणारे-येणारे शेजारी पहिल्या दिवशी नमस्कारापुरतं हसले, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आम्हाला एक उशी आणून दिली. मी त्यांना काही समजावलं नाही, तेवढं जर्मनच नव्हतं. नवव्या दिवशी, २७ जानेवारीला, पोस्टवाल्या बाईंनी आत येतानाच लांबून पाकीट हवेत हलवलं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. इथे मारत नाहीत. उरलेला चुरमुऱ्यांचा डबा दिला. त्यांनी तो घेतला, हे विशेष.

पायरीवरच फोडलं. पाच ते सात तास, मंजूर.

किटात धावत गेले. जागा १६ तारखेलाच दुसऱ्या मुलाला दिली होती. त्यांची काय चूक? तारीख त्यांनी स्पष्ट सांगितली होती. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी ते पाकीट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. आधीचं, परत गेलेलं पाकीट नोव्हेंबरमध्ये आमच्या दाराशी येऊन गेलं होतं. चार मजले खाली.

चिठ्ठी मात्र वाया गेली नाही. ती एका किटाची नसते, बर्लिनमधल्या दुसऱ्या किटातही चालते. दुसरी किटा एप्रिलसाठी मिळाली, ट्रामने बारा मिनिटं.

मागाहून कळलेला उपाय इतका सोपा आहे की लिहितानाही चीड येते. पेटीवर ज्याचं नाव आहे त्याच्यामार्फत पत्र पाठवा, असं पत्त्यातच लिहिता येतं. तुमच्या नावाखाली ‘सी/ओ’ आणि पेटीवरचं आडनाव. सी/ओ! आमच्या गावाकडच्या प्रत्येक मनीऑर्डरवर आजोबांचं नाव असंच असायचं. कार्यालयातल्या त्या बाई मला हे सांगू शकल्या असत्या. बँकेतले सांगू शकले असते. नोंदणीच्या वेळी सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

तर आडनावं वेगळी असतील, कुणाकडे पाहुणे म्हणून राहत असाल, पोटभाड्याने असाल, तर विमानतळावरून आल्या आल्या, बॅगा वर न्यायच्या आधी पेटी बघा. दाराच्या बेलवरचं नावही बघा, पार्सलवाले ते वाचतात.

पासपोर्टवरच्या नावाचं आणखी एक. आपल्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच पासपोर्टांत नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथे ते सगळं मिळून तुमचं पहिलं नाव होतं. डॉक्टरकडे लेकीला एकदा बापाच्या नावाने हाक मारली, तर ती दाराकडे बघून “बाबा आला?” म्हणाली. फॉर्मवर नाव पासपोर्टात आहे तसंच लिहा, अक्षर न अक्षर. सुधारायला जाऊ नका.

लसीचं राहिलंच. २०२० च्या मार्चपासून गोवरच्या लसीचा पुरावा असल्याशिवाय किटा घेत नाही. दोन वर्षांवरच्या मुलांना दोन डोस लागतात. भारतातलं लसीकरण कार्ड बॅगेत खाली टाकू नका, हातात ठेवा. आमच्या डॉक्टरनी त्यावरून इथल्या पिवळ्या पुस्तिकेत नोंदी करून दिल्या. त्यांना आमच्या पुण्याच्या डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही, आम्हालाही नाही, मग व्हॉट्सअॅपवर विचारलं.

मुलांचा भत्ता, किंडरगेल्ड, महिन्याला २५० युरो होता तेव्हा. तो अर्ज नवऱ्याच्या नावाने होता म्हणून सुरळीत झाला. पण करू करू म्हणत बसू नका, मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचे मिळतात.

आणि किटासाठी चिखलाची पँट लागते. रबरी, पट्ट्यांची. पाऊस असला तरी मुलांना बाहेर नेतात. मला वाटलं होतं पाऊस असेल तर आत ठेवतील. शिवाय आत घालायच्या चपला, कपड्यांचा जादा जोड, प्रत्येकावर नाव. नाव घालायला मात्र मी आता तरबेज आहे.

रुळवायचे दिवस ठीक गेले. पहिले तीन दिवस आपण तासभर आत कोपऱ्यात बसायचं, खेळात पडायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा दहा मिनिटं बाहेर. मला बाहेर काढलं तेव्हा ती वाळूच्या डब्यात होती, तिने मान वर केली नाही. मी फाटकाशी उभी राहून त्यांच्या पत्रपेटीवरची नावं वाचत बसले.

आमची पाटी मार्चच्या शेवटी लागली. पितळी, दोन आडनावांची. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलंय. पत्रं येतायत. मी हाउसमाइस्टर काकांना काही बोललेले नाही.