आजीचं लॅटिन आणि सोलेमचा मठ

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून साब्ले-सूर-सार्तला टीजीव्ही सव्वा-दीड तासात पोचवते. तिथून सोलेम गाव तीनेक किलोमीटर. तिथला मठ ग्रेगरियन गायनासाठी, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनासाठी ओळखला जातो. जुलैची दुपार होती. सार्त नदीच्या अंगाने चालत निघाले आणि पाण्याकाठी मठाची भिंत दिसली, उंच, किल्ल्यासारखी. मी वसईची, किल्ल्याची भिंत मला नवी नाही. तरी पाय थबकले.

माझी आजी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकत वाढली. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा मराठीत आली. तिला ती समजू लागली, त्याचा तिला आनंदच होता. पण भांडी घासताना तिच्या तोंडी 'साल्वे रेजिना' हे मरियेचं लॅटिन गीतच असायचं. अर्थ ठाऊक नाही, कागद कधी पाहिला नाही, चाल मात्र पक्की. तिच्यासाठीच मी इथवर आले होते.

पाचच्या सायंप्रार्थनेला जाऊन बसले. अरुंद, लांबट चर्च. पुढे बेनेडिक्टाइन पंथाचे संन्यासी दोन्ही बाजूंना समोरासमोर. स्तोत्राचा एक चरण या बाजूने, पुढचा त्या बाजूने, आमच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात तसा. सगळ्यांचा स्वर एकच. आणि प्रत्येक चरणाच्या मध्यावर सगळे एकदम थांबतात. त्या थांबण्यात इतकं काही भरलेलं होतं की पुढचा चरण सुरू व्हायच्या आत मी पुन्हा त्या विरामाचीच वाट पाहू लागे.

हे ग्रेगरियन गाणं सहाव्या शतकाअखेरच्या पोप ग्रेगरींपासून जसंच्या तसं चालत आलं, अशी माझी समजूत होती. तसं नाही. नाव त्यांचं, पण आज गातात त्या चाली आठव्या-नवव्या शतकांत फ्रँकांच्या राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात), रोमन आणि तिथल्या गायनाच्या मिलाफातून घडल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे त्यांची झीज झाली. १६१४-१५ मध्ये रोमला छापलेल्या ग्रंथात तर एकेका अक्षरावर फिरणारे लांब स्वरसमूह सरळ छाटून टाकले. १८३३ मध्ये प्रॉस्पेर गेरांजे यांनी ओस पडलेला हा मठ पुन्हा वसवला, तेव्हा गाण्याची ही अशी दशा होती.

मग इथले संन्यासी जुन्या पोथ्यांकडे वळले. पण दहाव्या शतकातल्या पोथ्यांत स्वर मांडायच्या आडव्या रेघाच नाहीत. शब्दांच्या डोक्यावर नुसत्या तिरप्या रेषा, टिंबं, हुकासारख्या खुणा. यांना न्यूम म्हणतात. आवाज चढवायचा की उतरवायचा, कुठे घाई, कुठे ठेहराव, हे ते सांगतात. नेमका स्वर कोणता, ते नाही. कारण चाल गाणाऱ्याला पाठ असायचीच. गुरूसमोर बसून बंदिश शिकलेल्याला वहीतल्या चार खुणा पुरतात, तसंच हे. किल्ली मिळाली ती माँपेलिएच्या वैद्यकीय विद्यालयाच्या ग्रंथालयात, १८४७ मध्ये: अकराव्या शतकातली एक पोथी, जिच्यात न्यूमांच्या जोडीला स्वरांची अक्षरंही लिहिलेली आहेत.

१८८९ पासून इथलेच एक संन्यासी आंद्रे मोकेरो यांनी पोथ्यांची छायाचित्रं छापायला घेतली. 'युस्तुस उत पाल्मा', म्हणजे 'नीतिमान खजुरासारखा बहरेल', हे एकच गीत त्यांनी युरोपभरच्या दोनशेहून अधिक पोथ्यांतून शेजारी-शेजारी मांडलं. देश वेगळे, शतकं वेगळी, आणि चाल तीच! माझ्या मते सोलेमचं सगळ्यात मोठं काम हेच. यानंतर छाटलेल्या आवृत्तीची बाजू घेणार तरी कशी? १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी प्राचीन चालींच्या बाजूने कौल दिला, १९०८ मध्ये व्हॅटिकनचा नवा ग्रंथ निघाला. तेव्हा हे संन्यासी सोलेममध्ये नव्हतेच. धार्मिक संघांवर निर्बंध घालणाऱ्या फ्रान्समधल्या कायद्यामुळे १९०१ ते १९२२ ते इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर होते.

मठाच्या दुकानात 'ग्राद्वाले त्रिप्लेक्स' हे मिस्सागीतांचं पुस्तक घेतलं, १९७९ मध्ये पहिल्यांदा निघालेलं. चौकोनी स्वरचिन्हांच्या वर फ्रान्समधल्या लाँ शहराच्या पोथीतले न्यूम काळ्या शाईत, खाली स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठाच्या परंपरेतले लाल शाईत. नदीकाठी बसून लाल खुणांवरून कितीदा तरी बोट फिरवलं.

साडेआठला रात्रीची शेवटची प्रार्थना. बाहेर अजून उजेड होता. अखेरीस 'साल्वे रेजिना' सुरू झालं, आजी गायची तीच साधी चाल. शेवटी येणाऱ्या 'ओ क्लेमेन्स' या शब्दांच्या आधी ती नळ बंद करून श्वास घ्यायची. इथेही त्याच जागी सगळे थांबले.