आईच्या चकलीची रेसिपी मैत्रिणीपर्यंत नीट पोचवायला मला एक वर्ष लागलं

मागच्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री साडेनऊला मैत्रिणीचा फोन आला, अगं चकल्या तेलात विरघळतायत, सोऱ्यातून छान पडतात आणि तेलात गेल्या की सगळा चुरा होतोय, काय करू? मला काहीच सुचेना, मी आईला फोन केला, आई म्हणाली मोहन जास्त झालंय, तिला सांग त्यात कोरडी भाजणी घालून परत मळ. पण भाजणी उरलीच नव्हती, मी दिली होती ती चारही वाट्या तिने एकदमच भिजवली होती. आईने उन्हातान्हात गिरणीत जाऊन दळून आणलेली भाजणी, आणि रेसिपी मी लिहून दिलेली. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले (ती वारज्याला, मी कोथरूडला, तसं जवळच), आणि माझाच मेसेज तिच्या फोनवर वाचला. चार ओळी होत्या. त्यात लिहिलं होतं, 'चार वाट्यांना चार पळ्या कडकडीत मोहन'. मी म्हटलं बरोबर तर आहे, आई असंच सांगते. मग तिने पळी दाखवली. आमटी वाढायची पळी! आमच्याकडे पळी म्हणजे तेलाच्या भांड्यात असते ती छोटीशी, तिच्यात जेमतेम टेबलस्पूनभर तेल मावतं. तिच्याकडे तसली पळीच नाही, ती बाटलीतूनच तेल ओतते. म्हणजे तिने काहीही चूक केली नव्हती, मी जे लिहिलं तेच तंतोतंत केलं होतं, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हाच ठरवलं की ही रेसिपी परत लिहायची आणि जिला आमचं घर माहीत नाही तिला पण जमेल अशी लिहायची.

आईकडे बसून लिहिणं हे सगळ्यात अवघड काम होतं. मी छोटा वजनकाटा घेऊन गेले, तर आई म्हणाली असं मोजून मापून कुठे स्वयंपाक होतो का. पण ती नाही म्हणाली नाही. मी एवढंच केलं की तिचा हात पातेल्यात जायच्या आधी मध्ये वाटी धरायची, जे काही घालशील ते आधी ह्यात घाल, मग मी मोजून पातेल्यात टाकते. मीठ, तिखट, तीळ, ओवा, हिंग, सगळं असंच. तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी केलं कारण एका दिवशीचा हात आणि दुसऱ्या दिवशीचा हात सारखा असेलच असं नाही, पण मजा म्हणजे तिचं मीठ तिन्ही वेळा जवळजवळ सारखंच आलं, पाणी मात्र दरवेळी वेगळं.

भाजणीच्या प्रमाणाला ती म्हणाली ते आजीच्या वहीत आहे. आजी राजापूरकडची, वहीची पानं पिवळी पडलीयत, शाई काही ठिकाणी फुटलीय. त्यात लिहिलंय तांदूळ 1 मापटे, हरभऱ्याची डाळ 1 चिपटे, मुगाची डाळ 1 कोळवे, उडदाची डाळ 1 निळवे. आपल्याकडे मेट्रिक वजनमापं 1958 पासून लागू व्हायला लागली, वही त्याच्या आधीची, त्यामुळे ग्रॅमबिम काहीच नाही. मी फोनवर शोधत बसले की मापटं म्हणजे किती, कोळवं म्हणजे किती, आणि आई शांतपणे म्हणाली, अगं सोपं आहे, दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं आणि दोन मापट्यांचा शेर. मी कागदावर मांडलं आणि एकदम लक्षात आलं की प्रत्येक गोष्ट आधीच्याच्या बरोब्बर निम्मी आहे! तांदूळ चार तर हरभरा डाळ दोन, मूग डाळ एक, उडीद डाळ अर्धी. आजीला आकडे लक्षात ठेवायची गरजच नव्हती, डब्यातली मापं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने एकेकदा भरली की झाली भाजणी. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी तिथेच दोन मिनिटं वही धरून बसले.

तर आमचं प्रमाण 400 ग्रॅम तांदूळ, 200 हरभरा डाळ, 100 मूग डाळ, 50 उडीद डाळ, वर दोन टेबलस्पून धने आणि एक जिरे. तांदूळ धुवून सावलीत कपड्यावर पूर्ण वाळवायचे, मग सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, एकत्र अजिबात नाही कारण मूग डाळ होते तोवर तांदूळ कच्चे असतात. फार लाल करायचं नाही, भाजणी जास्त भाजली गेली तर पीठ चिकटून राहत नाही आणि चकली पाडताना तुटते. आणि गिरणीत सांगायचं की गव्हावर दळू नका, हे आईने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं कारण तिला वाटायचं हे सगळ्यांना माहीतच असतं. अशा 'माहीतच असतं' वाल्या गोष्टी मला एकूण नऊ सापडल्या!

मोहन वाटीला एक टेबलस्पून, सपाट भरून. पाणी जितकी भाजणी जवळजवळ तितकंच, पण एकदम सगळं नाही, थोडं मागे ठेवायचं. पाण्यात मोहन, तिखट, मीठ, हळद, हिंग, तीळ, ओवा घालून उकळी आली की गॅस बंद, भाजणी घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकायचं. किती वेळ असं विचारलं तर आई म्हणाली हाताला सोसेल इतपत, गार नको, मी घड्याळ लावलं तर दहा-बारा मिनिटं झाली. मग मळणं. इथे आई काय करते ते मी आधी चाळीस वर्षं बघून पण बघितलं नव्हतं. ती लिंबाएवढा गोळा घेते, दोन तळव्यांमध्ये त्याची वळी करते आणि ती वळी बोटाभोवती गुंडाळते, वळी तडकली तर पाण्याचा हात लावून परत मळते, नाही तडकली तर सोऱ्यात. एवढंच. पाण्याचं माप दरवेळी वेगळं का येतं ते तेव्हा मला कळलं, ती मापावर थांबतच नाही, वळीवर थांबते.

लिहून झाल्यावर मी त्याच मैत्रिणीकडे गेले आणि आम्ही एक नियम केला की ती फक्त कागद वाचून करेल, मी समोर स्टुलावर बसेन आणि तोंड उघडणार नाही. हे फार कठीण आहे हो! ती कुठे थांबते, कुठे कागद परत उचलून वाचते, तिथे मी वहीत फुली मारत होते. पहिल्या वेळी पाच फुल्या. चकल्या दिसायला एकदम मस्त झाल्या, काटे छान आले, एकही विरघळली नाही, आम्ही दोघी इतक्या खूश. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज, मऊ पडल्या. मग आईला तिच्या स्वयंपाकघरातला व्हिडिओ दाखवला तर आई लगेच म्हणाली आच मोठी आहे, बाहेरून लाल झाल्या आणि आत ओल राहिली. मी कागदावर 'लालसर होईपर्यंत तळा' लिहिलं होतं. आता तिथे लिहिलंय की तेल आधी चांगलं तापवा, चकल्या सोडल्या की आच मध्यम करा, आणि रंगाकडे नाही तर बुडबुड्यांकडे बघा, बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा. तिसऱ्या वेळी जमल्या, डब्यात पंधरा दिवस कुरकुरीत राहिल्या.

ह्यातूनच मग आमचं चौघींचं सुरू झालं, महिन्यातून एक रविवार, एकीने लिहायचं आणि दुसरीने करायचं आणि लिहिणारीने गप्प बसायचं. जळगावच्या मैत्रिणीने भरीत लिहिलं, तिकडची हिरवट मोठी वांगी (जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय) ती सुट्टीवरून येताना पिशवी भरून घेऊन आली. तिच्या घरी वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात, इथे तिसऱ्या मजल्यावर गॅसवर भाजली, ती स्वतःच म्हणाली की धुराचा वास नाही येणार, पण तिने तसं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं.

सीकेपी मैत्रिणीचं वालाचं बिरडं माझ्या वाट्याला आलं होतं. कागदावर होतं 'वाल भिजवून मोड आणून सोलून घ्या' आणि मी मंडईतून पावटे घेऊन आले. ती बघून हसली नाही, तिने शांतपणे पेन घेऊन वालाच्या आधी 'कडवे' लिहिलं. मग परत सुरुवात, रात्रभर भिजवणं, फडक्यात बांधणं, दोन दिवसांनी कोमट पाण्यात टाकून एकेक सोलणं. अर्धा किलो वाल सोलायला मला नि माझ्या मुलीला पाऊण तास लागला, बोटांना तो वास रात्रीपर्यंत होता. पण ओलं खोबरं, आमसूल, गुळाचा खडा घालून, डाव न फिरवता नुसतं पातेलं हलवत शिजवलेलं ते बिरडं भातावर घेतलं तेव्हा वाटलं की हे मला इतकी वर्षं का माहीत नव्हतं, ती तर दहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतेय.

मला मनापासून वाटतं की रेसिपी द्यायची तर पूर्ण द्यावी. एखादी गोष्ट मुद्दाम गाळून देणाऱ्या बायका मी पाहिल्यात, मला ते पटत नाही, समोरची आपलं सामान, वेळ, सणाचा दिवस त्यावर खर्च करते. आईचं मात्र तसं नव्हतं, ती आधी कुणाला सांगायला का कू करायची त्याचं कारण तिने मला परवा सांगितलं, नाही जमलं की लोक म्हणतात हिने नीट सांगितलं नाही.

ह्या दिवाळीत वारज्याहून डबा आला. आईने एक चकली मोडली, आतली नळी पोकळ आहे का बघितलं, खाल्ली, आणि मला म्हणाली, तीळ थोडे जास्त घातलेत तिने, पण छान लागतायत, आपण पण घालू. मग मी कागदावर तिळाचा आकडा खोडून तिचा लिहिला.

आता उन्हाळ्यात गोडा मसाला करायचाय. आईने आत्ताच बजावलंय की दगडफूल निवडायला वेगळा दिवस ठेवा, त्यात झाडाची सालं आणि माती असते, आणि खोबरं सगळ्यात शेवटी भाजा. वहीत ह्याचं पान आहे, पण तिथे आजीने फक्त 'दगडफूल, मूठभर' लिहिलंय. आजी आता नाही, त्यामुळे मूठ आईचीच धरायची, काटा मी घेऊन जाणारे.