तुम्ही विचारलंत म्हणून : छोटा पिकअप गेला कुठे?

पस्तीस वर्षे मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलचे विषय शिकवले, आणि निवृत्त होऊनही एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. दर डिसेंबरात अमेरिकेतून सुट्टीवर आलेला एखादा जुना विद्यार्थी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी भेटायला येतो, चहा घेतो आणि विचारतो, "सर, तिकडे छोटा पिकअप आता मिळतच नाही. घरापुढे उभा करता येईल, दोन माणसं बसतील, मागे थोडं सामान टाकता येईल, एवढीच गाडी हवी आहे. ती बाजारातून गेली कुठे?" काटोल-कळमेश्वरकडचे संत्र्याचे बागायतदारही मला विचारतात, फक्त त्यांचा प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो : "गुरुजी, छोटा हाथी घेऊ की मोठा पिकअप?" दोघांना तोंडी उत्तरे देऊन मी थकलो आहे, म्हणून एकदाचे सविस्तर लिहितो.

मागच्या डिसेंबरात असाच एक विद्यार्थी घरी बसलेला असताना आमच्याकडे एक जुने लोखंडी कपाट आले. ते घेऊन आलेला छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबला. ड्रायव्हरने उतरून दोन्ही बाजूंचे आरसे आत वळवले, एका घराच्या ओट्यावर ठेवलेली तुळशीची कुंडी उचलून बाजूला केली आणि गाडी मागे घेत घेत थेट आमच्या दारापर्यंत आणली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती. फाळका खाली पडला, दोन हमालांनी कपाट ओढून घेतले आणि पाच मिनिटांत हौदा रिकामा झाला. विद्यार्थी हे सगळे चहाचा कप हातात धरून पाहत होता. नंतर त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, पावलांनी तिची लांबी मोजली आणि म्हणाला, "सर, माझ्या शेजाऱ्याची गाडी हिच्यापेक्षा दोन मीटर लांब आहे आणि तिच्या हौद्यात आठवड्यातून एकदा किराण्याच्या पिशव्या असतात."

त्याचे माप बरोबर होते. टाटा एस 3.8 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या मालिकेतली फोर्डची एफ-150 चार दारांच्या रूपात पावणेसहा मीटरच्या पुढे जाते. मात्र तिथे लहान पिकअप कधी नव्हताच, असे समजू नये. 1972 च्या सुमारास फोर्डने माझ्दाकडून आणि शेव्हरोलेने इसुझूकडून करवून घेतलेले छोटे पिकअप आपापल्या नावाने विकायला सुरुवात केली, टोयोटा आणि डॅटसन तर त्याआधीपासूनच तिथे होते, आणि 1982 नंतर शेव्हरोलेची एस-10 व फोर्डची रेंजर या घरच्या गाड्या रस्त्यांवर सर्वत्र दिसू लागल्या. या गाड्या गेल्या कशा, हे समजायचे असेल तर गोष्ट कोंबडीपासून सुरू करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली पोल्ट्री एवढी वाढली की तिथली स्वस्त, गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात जाऊन पडू लागली. तिथल्या कोंबडीपालकांनी ओरड केल्यावर युरोपच्या सामायिक बाजारपेठेने 1962 मध्ये तिच्यावरचे आयात शुल्क वाढवले. वाटाघाटी फसल्या, आणि डिसेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उत्तरादाखल बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर 25 टक्के शुल्क लावले. ट्रकवरच्या शुल्काचा रोख फोक्सवॅगनच्या मागे हौदा असलेल्या गाडीवर होता. भांडण कालांतराने सर्वजण विसरले आणि पहिल्या तीन वस्तूंवरचे शुल्क उठले, पण ट्रकवरचे मात्र कायम राहिले, आणि ज्या जपानी कंपन्यांचा त्या कोंबडीशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनाही ते लागू झाले. परदेशी मोटारीवर बरीच वर्षे अडीच टक्के आणि परदेशी पिकअपवर पंचवीस टक्के, असा हा हिशेब होता.

यातून सुटण्यासाठी कंपन्यांनी केलेल्या खटपटी मी वर्गात नेहमी सांगत असे, कारण मागच्या बाकांवरची मुले तेवढ्यापुरती तरी जागी होत. हौदा न बसवलेली चासी आणि केबिन आणली तर शुल्क 4 टक्केच पडत असे, म्हणून गाड्या हौद्याविना जहाजातून उतरत आणि हौदा अमेरिकेत बसवला जाई. ही पळवाट 1980 मध्ये बंद झाली. सुबारूने तर ब्रॅट या आपल्या गाडीच्या हौद्यात, मागे तोंड करून बसायच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठोकल्या आणि ही मालवाहू गाडी नसून प्रवासी गाडी आहे, असा दावा केला. उघड्या हौद्यात, वारा खात, उलट्या दिशेने बसलेल्या प्रवाशाला काय वाटत असेल, याचा विचार जपानमधल्या कोणत्या अभियंत्याने केला असेल, हे कुतूहल मला अजून आहे.

तरीही शुल्काने छोटा पिकअप मारला, असे मी म्हणणार नाही, कारण रेंजर आणि एस-10 अमेरिकेतच बनत होत्या आणि टोयोटाही पुढे तिथेच कारखान्यात पिकअप बनवू लागली. शुल्काने एवढेच केले की बाहेरून स्वस्त आणि लहान गाडी आणून तिथल्या कंपन्यांशी स्पर्धा करील, असा कोणी उरला नाही. खरा घाव इंधनबचतीच्या नियमाने घातला, असे माझे मत आहे, आणि तो नियम लहान गाडीच्या भल्यासाठीच केलेला होता.

1973 च्या तेलसंकटानंतर, 1975 मध्ये अमेरिकेने कंपन्यांच्या सरासरी इंधनक्षमतेचा कायदा केला आणि त्यात मोटारींना कडक व हलक्या ट्रकना सैल असे दोन वेगळे माप ठेवले. पुढे सुधारणा झाली तेव्हा प्रत्येक गाडीचे लक्ष्य तिच्या पायठशावर ठरवण्यात आले. पायठसा म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर गुणिले डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर. मोठ्या पायठशाच्या गाडीला एका गॅलनमध्ये कमी मैल धावले तरी चालते, लहान पायठशाच्या गाडीला जास्त धावावे लागते. कागदावर हे न्याय्य दिसते. परंतु पिकअपचा चेहरा उभा, मागे उघडा हौदा, खाली भार पेलणारी जड चौकट. अशी गाडी लहान केली म्हणून तिचा वाऱ्याला होणारा विरोध त्याच प्रमाणात घटत नाही. म्हणजे आकार लहान करा आणि परीक्षा अवघड करून घ्या, किंवा चाकांमधली अंतरे थोडी वाढवा आणि परीक्षा सोपी करून घ्या. कंपन्यांनी काय निवडले असेल, हे सांगायला वाहन अभियांत्रिकीची पदविका लागत नाही.

त्या दिवशी घरातली टेप घेऊन आम्ही दोघांनी बोळात उभ्या असलेल्या छोट्या हाथीचा पायठसा मोजला. चाकांमधले लांबीचे अंतर 2.1 मीटर, रुंदीचे 1.3 मीटरच्या आसपास. गुणाकार केला तर साधारण 29 चौरस फूट. 2012 पासून लागू झालेल्या अमेरिकी सूत्राचा आलेख 41 चौरस फुटांना येऊन सपाट होतो. त्याच्या खालच्या सगळ्या गाड्यांना एकच, सर्वांत कडक लक्ष्य आहे. आमच्या दारातली गाडी त्या आलेखाच्या काठावरून पार खाली पडत होती. एफ-150 सारखी गाडी सत्तरच्या जवळ जाते.

नियमाला मी पहिला दोष देतो, पण एकट्याला देत नाही. मोठ्या पिकअपवर कंपनीला मिळणारा नफा लहान पिकअपपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि किमतींमधला फरक जसजसा कमी झाला तसतसे गिऱ्हाईकही थोडे पैसे घालून मोठी गाडी घेऊ लागले. त्यातच पिकअप ही घरातली एकमेव गाडी होऊ लागली, मग मागची दोन दारे आली, मुलांच्या खुर्च्या आल्या, आणि केबिन वाढताना हौदा आखडला. रेंजर बनवणारा मिनेसोटातला कारखाना डिसेंबर 2011 मध्ये बंद पडला. त्याच नावाची गाडी 2019 साली परतली ती सव्वापाच मीटरहून लांब होऊन. टोयोटाची टॅकोमा 1995 मध्ये साध्या केबिनसह साडेचार मीटरपेक्षा कमी होती, आजची सुमारे 5.4 मीटर आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, तुमचा छोटा पिकअप कुठे गेला नाही, तो तुमच्यासमोरच त्याच नावाने वाढत गेला. 2021 मध्ये फोर्डने मॅव्हरिक आणली, मूळ किंमत वीस हजार डॉलरच्या किंचित खाली ठेवली आणि तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या. यावरून मागणी मेली नव्हती हे सिद्ध झाले. पण ती मेक्सिकोत बनते, म्हणून त्या वेळी पंचवीस टक्क्यांच्या कचाट्यातून सुटली, आणि हल्ली लहान म्हणवली जाणारी ही गाडीही पाच मीटर लांब आहे.

आता बागायतदारांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे छोट्या मालगाडीचा इतिहास जुना आहे. हॅम्बुर्गच्या कंपनीची तीनचाकी हॅन्सिआट पुण्याच्या बजाज टेम्पोने बनवायला घेतली आणि 'टेम्पो' हे नाव मराठीत सामान्यनाम झाले. नागपुरात तर गाडी कोणत्याही कंपनीची असो, जुनी माणसे तिला अजून मेटाडोरच म्हणतात. मे 2005 मध्ये टाटा एस आली, दोन सिलिंडरांचे 700 सीसीचे डिझेल इंजिन आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत घेऊन, आणि तीनचाकी चालवणाऱ्या माणसाला चार चाकांची, दारे आणि स्टिअरिंग असलेली गाडी परवडू लागली. लग्नाच्या बोलणीत मुलाची स्वतःची चारचाकी आहे, असे सांगता येऊ लागले, हेही त्या गाडीच्या खपाचे एक कारण होते, असे मी अनेक ड्रायव्हरांकडून ऐकले आहे.

ती आपल्याकडून गेलेली नाही, पण नागपुरातल्या कळमन्याच्या बाजाराच्या आवारात हंगामात उभे राहिले तर रांगेतले हौदे लांबत चालले आहेत हे दिसते. इथे पायठशाच्या नियमाचा काही संबंध नाही. इथे खेपेचा हिशेब आहे. वीस किलोचा एक क्रेट धरला तर 750 किलो पासिंगच्या गाडीत 37 क्रेट बसतात, दीड टनाच्या पिकअपमध्ये 75. काटोलहून येणाऱ्या ड्रायव्हरची मजुरी दोन्हींत तेवढीच, टोल आणि दिवसही तेवढाच. पूर्वी लोक हा हिशेब स्प्रिंगचे पाटे वाढवून सोडवत. छोट्या हाथीच्या मागच्या कमानीत दोन जादा पाटे घालायचे आणि पाऊण टनाच्या गाडीवर दीड टन लादायचा. त्यात ब्रेक आणि टायर यांचे काय होते, हे मी अनेकांना सांगून पाहिले.

दुसरे कारण धुराचे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे धुराचे मानक लागू झाले आणि डिझेल इंजिनाला धूर गाळणारी जी यंत्रणा बसवावी लागली, ती इंजिन अर्धे असले म्हणून अर्ध्या किमतीत येत नाही. मारुतीने सुपर कॅरीचे 793 सीसीचे डिझेल इंजिन तेव्हाच बंद केले आणि गाडी पेट्रोल व सीएनजीवर ठेवली. वरून मोठ्या पिकअपने आणि खालून विजेवर चालणाऱ्या तीनचाकीने अशी दोन्हीकडून छोट्या हाथीची जागा आवळली जात आहे. टाटाने जून 2025 मध्ये 3.99 लाखांपासून एस प्रो आणली, ती त्या खालच्या टोकाला पुन्हा पाय रोवण्यासाठीच, असे मला दिसते. त्यामुळे माल शेतातून कळमन्याला न्यायचा असेल तर मोठा पिकअप घ्या. इतवारी, गांधीबाग, महाल इथल्या दुकानांना रोज माल पोचवायचा असेल तर छोटाच घ्या, कारण मोठा हौदा मस्कासाथेतल्या गर्दीत अडकून उभा राहिला तर त्यातले 75 क्रेट काही कामाचे नाहीत.

त्या दिवशी गाडी निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने मला विचारले की अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिला तिथल्या सुरक्षा-मानकांतून सूट मिळते, हे खरे आहे का. खरे आहे, जपानच्या 660 सीसीच्या छोट्या ट्रका तिथले हौशी लोक याच वाटेने आणतात, जरी काही राज्यांनी त्यांची नोंदणी अडवून धरली आणि पंचवीस टक्के शुल्क भरावेच लागते. तो वाकून केबिनमधली पाटी वाचू लागला. गाडी 2006 ची होती. "म्हणजे 2031," असे म्हणून त्याने पाटीचा फोटो काढला आणि ड्रायव्हरला गाडीची किंमत विचारली. ड्रायव्हर एकेक करून आरसे सरळ करत होता.

"माही गाडी इकाची नाही, सायेब," तो म्हणाला, तुळशीची कुंडी ओट्यावर जागच्या जागी ठेवली आणि कपाटाच्या भाड्याचे उरलेले दोनशे रुपये मागितले.